फ्रँकचा बदली

बाईमाणसानं सायकलचं दुकान चालवावं की नाही, यावर घोडपदेवच्या नाक्यावर फारशी चर्चा झाली नाही. चर्चा करणाऱ्यांच्याच सायकली पंक्चर होत्या. फ्रँकला शिवडीच्या दफनभूमीत पोचवून आठवडा झाला नाही, तोच त्याच्या बायकोनं, फ्लोरीनं, दुकानाच्या फळ्या काढल्या, फ्रॉकवर त्याचा खाकी डगला चढवला आणि ती पंपाशी उभी राहिली. धाकटा दीर हेन्री गोदीत कारकून. त्यानं दोनतीनदा येऊन समजावलं की वहिनी, गाळा विकून टाक, माझगावच्या घरात सुखानं राहा, हे काळे हात कशाला? फ्लोरीनं प्रत्येक वेळी त्याला चहा पाजला, मान डोलावली आणि तो गेल्यावर टायरांची ऑर्डर दिली.

तिला येत होतं बरंच काही. लग्न झाल्यापासून ती फ्रँकच्या शेजारी स्टुलावर बसलेली. पंक्चर, ब्रेक, चेन, पोरांना तासावर द्यायच्या छोट्या सायकली, सगळं तिच्या हातचं. एकच गोष्ट नव्हती येत, आणि ती म्हणजे चाक. सुटी रिंग, सुटा हब आणि मूठभर तारा घेऊन फ्रँक ते गुंफायचा, स्टँडवर फिरवायचा, इथे अर्धा पीळ, तिथे पाव पीळ देत चाकाचा आउट, म्हणजे त्याचं डुलणं, काढायचा. फ्लोरीनं बांधलेलं चाक तळलेल्या पापडासारखं डुलायचं. गिऱ्हाईक भिडेखातर काही बोलत नसे, पण पुन्हा येतही नसे.

त्यात ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. सगळे म्हणाले, आता हिचं दुकान बसणार. कामावर जायचं नाही तर सायकल कुणाला हवी? झालं उलटंच. चार महिने घरी बसलेल्या माणसांनी त्याच सायकलींना पाट्या बांधल्या आणि कुणी अंडी, कुणी पाव, कुणी कांदे-बटाटे विकायला निघाला. एक माणूस आणि त्याचा डबा एवढ्यासाठी केलेल्या सायकलीवर पोतं चढलं की मागच्या चाकाच्या तारा तुटणारच. रोज दोनतीन जण खांद्यावर चाक घेऊन दुकानाशी उभे. फ्लोरी ती चाकं भायखळ्याच्या एका मिस्त्रीकडे पाठवायची, तो आठवड्यानं द्यायचा, आणि आठवडाभर पाववाल्याच्या घरी चूल थंड. असं आणखी दोन महिने चाललं असतं तर हेन्रीचं म्हणणं खरं झालं असतं, आणि हेन्रीचं म्हणणं खरं होणं फ्लोरीला फ्रँकच्या मरणाखालोखाल नको होतं.

समोरच्या चाळीत शेवंती राहायची. संपाआधी ती एकट्यादुकट्या कामगारांची खानावळ चालवायची, ते सगळे आता गावाला. तिचा नवरा कुशाबा साचेखात्यातला, म्हणजे मागावर कापड विणणारा. गावाकडे त्याचं काही उरलं नव्हतं, म्हणून तो इथेच होता. शेवंती एका दुपारी दुकानात आली आणि स्पष्टच म्हणाली की आमचं माणूस दिवसभर गॅलरीत बसून कबुतरं हाकलतंय, त्याला हात आहेत, त्या हातांना तुम्ही काहीतरी लावा. फ्लोरीला पडत्या फळाची आज्ञा. तिनं उद्यापासून पाठव म्हणून सांगितलं.

कुशाबा आला, पण पायरीवरच उभा राहिला. उंच, वाकलेला, स्वच्छ धुतलेला सदरा. आत ये म्हटलं तरी येईना.

"काम करीन," तो म्हणाला. "पन बदली म्हणून."

गिरणगावात बदली म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. कायम कामगार आजारी पडला, गावी गेला की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, त्या दिवसापुरता उभा राहणारा तो बदली. रोज सकाळी त्यानं गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं. आतून काम आहे म्हटलं तर आत, नाही म्हटलं तर घरी. पाळी संपली की त्याचा त्या साच्यावरचा हक्क संपला. माणसं अशी वर्षानुवर्षं उभी राहायची, आणि ज्या दिवशी नाव कायम व्हायचं त्या दिवशी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटायची. कुशाबाही तसाच उभा राहून कायम झालेला होता.

फ्लोरीला वाटलं, माणूस भिडस्त आहे, हळूहळू रुळेल. तिच्या माझगावच्या मराठीत पोस्टमनलाही तू आणि पोलिसालाही तू. ती म्हणाली, "बदली तर बदली. पण कोणाचा बदली तू?"

"फ्रँकसायबाचा."

फ्लोरीनं फ्रँकचं स्टूल फडक्यानं पुसलं आणि पुढे सरकवलं.

तेव्हापासून रोजचा तो नेम झाला. सकाळी फळ्या निघाल्या की कुशाबा पायरीवर येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "बाई, हाय का आज?" फ्लोरी म्हणायची, "आहे." मग तो सदरा काढून खिळ्याला लावायचा आणि बसायचा. संध्याकाळी दिवसाची मजुरी घ्यायचा आणि उद्याचं काही न बोलता जायचा. आजारी पडला तरी निरोप पाठवायचा नाही, कारण बदलीनं कसला निरोप द्यायचा?

पुढची चाकं त्याला पहिल्याच आठवड्यात जमली. हजारो धाग्यांचा ताण एकसारखा ठेवण्यात ज्याचा जन्म गेला त्याला एवढ्याशा तारा म्हणजे काय! बोटानं एकेक तार छेडायचा, आवाज ऐकायचा, सगळ्या एका सुरात आणायचा. पण मागचं चाक बसवलं की ते एका अंगाला जाऊन सायकलीच्या चिमट्याला घासायचं. कुशाबा सगळं सोडवायचा, पुन्हा बांधायचा, पुन्हा सगळ्या तारा एकसारख्या, आणि चाक पुन्हा बाजूला. त्याला घाम फुटला. फ्लोरी दोन दिवस गंमत बघत होती, तिसऱ्या दिवशी तिला कीव आली. तिनं सांगितलं की मागच्या चाकाला एका अंगाला चेन बसते ते दातेरी फ्रीव्हील असतं, त्या अंगाच्या तारा जास्त ताणायच्या आणि दुसऱ्या अंगाच्या जरा सैल सोडायच्या, तेव्हा कुठे रिंग मधोमध येते. फ्रँक म्हणायचा, मागचं चाक म्हणजे आपल्या घरासारखं आहे, एकानं ओढून धरायचं आणि दुसऱ्यानं सोडून द्यायचं. कुशाबाला हे पटता पटेना. एक ताण घट्ट, एक ढिला आणि तरी सरळ, असं कापड विणलं असतं तर मास्तरनं हाकलून दिलं असतं, असं तो पुटपुटत राहिला. पण केलं तसं, आणि चाक फिरलं. त्या संध्याकाळी त्याला पहिल्यांदा हसताना तिनं पाहिलं.

मग मात्र दुकान सावरलं. लालबागहून माणसं चाकं घेऊन यायला लागली. कुणी विचारलं की हा नवा मिस्त्री कोण, तर फ्लोरी म्हणायची, "मिस्त्री रजेवर आहे, हा बदली." नाक्यावर हसायचे. फ्लोरीही हसायची. पण खरं सांगायचं तर तिला त्या बोलण्याचा आधार होता. सकाळी एकदा "आहे" म्हटलं की दिवसभर असं वाटायचं की फ्रँक वसईला बहिणीकडे गेलाय, मासे खाऊन, जरा जाडा होऊन येईल. अशी फसवणूक माणूस स्वतःची करतो, आणि दुसरं कुणी त्यात सामील असलं तर ती फार दिवस चालते.

संप असाच लांबत गेला. तो कुणी जिंकला नाही, कुणी मागेही घेतला नाही. काही गिरण्यांचे भोंगे अर्धवट वाजायला लागले, काही माणसं मान खाली घालून आत गेली. कुशाबाच्या गिरणीचं साचेखातं बंदच होतं. तो त्याबद्दल एक अक्षर बोलायचा नाही. फ्लोरीनं एकदोनदा विचारून पाहिलं, तर मिठाची गुळणी.

दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा दोन गोष्टी घडल्या. फ्रँकच्या दुसऱ्या वर्षाच्या मिस्साला फ्लोरी चर्चमध्ये बसली होती, आणि पाद्रींनी त्याचं नाव वाचलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपण रडत नाही आहोत, नुसतं ऐकतो आहोत. घरी येऊन तिनं तो खाकी डगला धुतला आणि घडी करून कपाटात ठेवला. दुसरी गोष्ट अशी की दादरच्या एका मोठ्या दुकानाचा माणूस येऊन कुशाबाचं काम बघून गेला आणि जाताना शेवंतीला भेटून गेला. हे फ्लोरीच्या कानावर आलं. बदली माणूस. आज इथे विचारतो, उद्या दादरला विचारेल, त्याला कोण अडवणार? तिनं ठरवलं की आता याला कायम करायचं.

तिनं दसऱ्याचा दिवस धरला. हिंदू माणूस, त्याच्या शुभ दिवशी करावं, असा तिचा सरळ हिशोब. लालबागहून पेढे आणले. पेंटरला बोलावून पाटीवर 'फ्रँक सायकल मार्ट'च्या खाली लिहायला सांगितलं, 'मिस्त्री : कुशाबा'. शेजारच्या चहावाल्याला, समोरच्या चाळीत, पाव विकणाऱ्यांना, कुशाबाच्या घरी कळू न देता, आधीच सांगून ठेवलं. लोकांनी पेढे खाल्ले आणि वा वा केली.

दसऱ्याला गिरणीत साच्यांची पूजा असते. साचा ज्याचा, म्हणजे जो कायम, त्यानं हार घालायचा. बंद गिरणीच्या कामगारांनी त्या सकाळीही गेटवर जाऊन, आत सोडत नाहीत म्हणून, गेटच्या गजांनाच झेंडूचे हार बांधले होते. कुशाबा तिथूनच दुकानावर आला. कपाळाला कुंकू होतं, पायात वहाणा नव्हत्या. पेंटर शिडीवरून शेवटचा काना ओढत होता.

कुशाबा पायरीवर उभा राहिला. त्यानं रोजचं विचारायच्या आत फ्लोरीनं त्याच्या हातावर पेढा ठेवला.

"कुनाचं पेढं, बाई?"

"तुझे. तू कायम झालास."

त्यानं वर पाटीकडे पाहिलं. नाव वाचलं. मग पेढा पुन्हा खोक्यात ठेवला, तुटू नये असा हलकेच ठेवला.

"आज काम न्हाई," तो म्हणाला. गिरणीच्या गेटवर आतून बदल्यांना सांगतात ते वाक्य त्यानं स्वतःच स्वतःला सांगितलं आणि वळून रस्ता ओलांडून चाळीत गेला. पेंटरनं शिडीवरून विचारलं, रंग दुसरा देऊ का?

दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. फ्लोरीला आधी राग आला. एवढं मानानं केलं, नाव लिहिलं, आणि हा तोंड फिरवून जातो? करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं शेजारचा चहावाला म्हणाला तेव्हा तर तिनं त्याच्याकडचा चहाच बंद केला. पण चाकं साचत होती. चौथ्या दिवशी शेवंती आली, आणि ती काही समजूत काढायला आली नव्हती.

शेवंतीनं सांगितलं की कुशाबा खाली उतरत नाही. जिन्यात कुणी त्याला म्हणालं, अरे, गेटवर हार बांधतोस आणि इकडे पेढे वाटतोस, गिरणीचं नाव कापलंस वाटतं. दुसऱ्यानं अभिनंदन केलं, ते त्याहून वाईट लागलं.

"बाई, माणूस दोन जाग्याला कायम आसतंय व्हय?" शेवंती म्हणाली. "त्यो तिथं कायम हाय. तुमी त्याला हितं कायम केलं म्हंजे तिथलं संपलं. आक्खा गाव मनातनं म्हनतोय गिरनी संपली, पन तोंडावर कुनी म्हनलं न्हवतं. तुमी पेढा देऊन म्हनला."

ती गेल्यावर फ्लोरी फ्रँकच्या स्टुलावर बसली. दुपारचं ऊन रिंगांवर पडलं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. आपण याला भिडस्त समजलो. दीड वर्ष तो रोज सकाळी पायरीवर उभा राहून आपल्याला सांगत होता की माझी जागा दुसरीकडे आहे, आणि आपण रोज "आहे" म्हणून त्याला उत्तर देत होतो, पण ऐकलं कधीच नाही. आपल्याला फ्रँक रजेवर हवा होता तोवर आपल्याला बदली हवा होता. आपलं रडून झालं, डगला कपाटात गेला, तशी आपण त्याचीही रजा रद्द केली. आपलं माणूस गेलं हे मान्य करायला आपण आपल्या सवडीनं वेळ घेतला, आणि त्याची सवड मात्र आपणच ठरवून टाकली.

तिनं रॉकेलचं फडकं घेतलं, स्टुलावर चढली आणि पाटीवरचं नाव पुसलं. पूर्ण निघालं नाही, निळसर डाग राहिला. मग दुकानाला कुलूप लावून ती चाळीचे जिने चढली.

कुशाबा गॅलरीत बसला होता. तिला बघून उठला. शेवंतीनं खुर्ची पुसून दिली, पण फ्लोरी बसली नाही. येताना जिन्यात तिनं पुष्कळ काही जुळवलं होतं, त्यातलं अर्धं विसरली.

"कुशाबा, माझं चुकलं," ती म्हणाली. "फ्रँक रजेवर नाही. तो येणार नाही. मला हे तोंडानं बोलायला दोन वर्षं लागली. तू तुझं काही बोल, असं मी म्हणणार नाही. कधीच नाही म्हणणार. पण उद्या मी रजेवर आहे. दुकानाला बदली पाहिजे."

कुशाबा कठड्यावरून खाली बघत राहिला. खाली कुलूप लावलेलं दुकान दिसत होतं आणि त्याच्या दाराशी एक पाववाला चाक घेऊन उभा होता.

"किती दिस रजा?" त्यानं विचारलं.

"ते मला पण माहीत नाही."

त्यानं किल्लीसाठी हात पुढे केला.

रजेचं काय करायचं हे फ्लोरीला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती माझगावच्या घरी नुसती बसून राहिली, भिंतीवरच्या फ्रँकच्या फोटोशी दोनदा भांडली, आणि हेन्री काय झालं म्हणून विचारायला आला तर त्याला म्हणाली की कामाच्या माणसाला रजा नसावी का? त्याच्या पुढच्या दिवशी ती शेवंतीकडून किल्ली घेऊन दुकानात गेली आणि फळ्या काढल्या. कुशाबा पायरीवर येऊन उभा राहिला. "बाई, हाय का आज?" ती म्हणाली, "आहे." आता कोणाचा बदली, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

अशी वर्षं गेली. दादरच्या दुकानाचा माणूस आणखी एकदा येऊन गेला, कुशाबानं त्याला पायरीवरूनच परत पाठवला. नाक्यावर संपाबद्दल बोलणं कमी झालं, मग थांबलंच. पाववाल्यांपैकी काहींच्या टपऱ्या झाल्या, काहीजण गावाला गेले ते परतले नाहीत. पण सकाळचा प्रश्न चालू राहिला. नवी गिऱ्हाइकं हसायची, म्हणायची, म्हातारा रोज काय विचारतो? फ्लोरी हसायची नाही. मिस्सात आमेन म्हणतात तसं ती रोज, अगदी वेळेवर, "आहे" म्हणायची. मनातून तिला अजूनही वाटायचं की एक दिवस हा न विचारता आत यावा, आपलं दुकान समजून बसावा. त्या दिवशी आपण चर्चमध्ये मोठी मेणबत्ती लावू, असंही तिनं ठरवून ठेवलं होतं. तोंडानं मात्र कधी काढलं नाही.

मग एका दुपारी कुशाबाच्या गिरणीतून लॉऱ्या निघाल्या. साचेखात्यातले माग भंगारात काढले होते. पुढे रस्ता तुंबला आणि एक लॉरी नेमकी दुकानासमोर अडकली. वर ओतीव लोखंडाच्या चौकटी एकमेकींवर आडव्यातिडव्या टाकलेल्या, काहींवर जुन्या हारांचे दोरे अजून गुंडाळलेले. कुशाबा हातात पाना घेऊन तसाच बाहेर गेला. लॉरीच्या फाळक्याला हात लावून उभा राहिला. कुठला साचा कोणाचा, हे त्यातून ओळखणं शक्य नव्हतं, तरी तो बघत राहिला. रस्ता सुटला, लॉरी गेली. तो परत येऊन बसला आणि अर्धं राहिलेलं चाक त्यानं पुरं केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लोरीनं शेवंतीला विचारलं तर ती म्हणाली, जेवला नीट, झोपलाही.

मग फ्लोरी दुकानाच्या फळ्या काढून ठेवत होती. कुशाबा रस्ता ओलांडून आला. पायरीवर थांबला नाही. आत आला, सदरा खिळ्याला लावला आणि स्टुलावर बसला.

फ्लोरी हातात फळी धरून उभी राहिली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हे होतं, आणि तिला मेणबत्तीची आठवणसुद्धा झाली नाही. तिला रडू आलं. कुशाबानं मांडीवर रिंग घेतली होती, हब घेतला होता, तारांची जुडी शेजारी होती, पण त्याचे हात हलत नव्हते. तो रिंगेच्या मधल्या रिकाम्या जागेतून जमिनीकडे बघत होता. रस्त्यावरून एक टॅक्सी गेली, मग दुसरी.

तिनं फळी भिंतीला टेकवली.

"आहे, कुशाबा," ती म्हणाली, रोजच्यासारखं, रोजच्याच आवाजात. "आज आहे."

त्यानं वर पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं तो "बरं" म्हणाला, आणि त्यानं पहिली तार हबात ओवली.